वाचकांचे प्रश्न : ग्रीक शिकताना सुरुवात अ‍ॅरिस्टॉटलपासून करावी का?

प्रश्न : ग्रीक तत्त्वज्ञान मी आजवर भाषांतरांतूनच वाचले. एकाच उताऱ्याची दोन भाषांतरे परस्परांशी जुळत नाहीत, तेव्हा मूळ संहिता पाहावीशी वाटते. शाळेतले संस्कृत बऱ्यापैकी आठवते. अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘मेटाफिजिक्स’साठीच भाषा शिकायची असल्यास सुरुवात त्याच ग्रंथापासून करावी का? काळ किती लागेल?

उत्तर : त्या ग्रंथापासून मुळीच करू नये. अ‍ॅरिस्टॉटलचे आज उपलब्ध असलेले लेखन बहुतांशी व्याख्यानांच्या टिपणांसारखे असून त्यातील वाक्ये इतकी त्रोटक असतात की कर्ता किंवा क्रियापद कोणते अध्याहृत धरायचे यावरच अभ्यासकांचे वाद होतात, आणि आपल्याला खटकलेला फरक अनेकदा तेथूनच उद्भवतो.

आरंभ प्लेटोच्या ‘अपॉलॉजी’पासून करावा. हे न्यायालयातील भाषण असल्याने भाषा बोलती आहे. आरंभीच सॉक्रेटिस म्हणतो की, आरोप करणाऱ्यांचे बोलणे ऐकून मी जवळजवळ स्वतःलाच विसरलो. येथील ‘एपेलाथोमेन’ हे क्रियापद सोडवून पाहावे : ‘एपि’ या उपसर्गातील इकार लोपला आहे, त्यापुढे भूतकाळदर्शक ‘ए’ आणि मग ‘लाथ’ हा धातू आहे. ‘उपागच्छत्’मध्ये उपसर्ग आणि धातू यांच्यामध्ये ‘अ’ येतो, तशीच ही रचना. प्रत्यय आत्मनेपदाच्या जातीचा आहे. आणि ‘मातुः स्मरति’मध्ये जिचे स्मरण होते ती षष्ठीत असते, तसे येथे जे विसरले तेही षष्ठीत आहे. संस्कृत येणाऱ्याला अशा ओळखीच्या खुणा पावलोपावली भेटतात. उच्चारांतही आपली सोय आहे, कारण प्राचीन अथेन्समधील फ, थ, ख हे आपल्यासारखेच महाप्राण होते.

काळाविषयी माझा अंदाज असा, की रोज तासभर नेमाने दिल्यास वर्षभरात व्याकरणाचा पाया तयार होतो. मात्र व्याकरण पूर्ण होण्याची वाट पाहत बसू नये. धातुरूपांची तोंडओळख होताच ‘अपॉलॉजी’च्या पाच-सात ओळी वाचण्याची सवय लावावी. १९१२ पासून निघणाऱ्या लोएब मालिकेत डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी असते. उजवे पान झाकून वाचण्याइतका निग्रह असेल तरच ती घ्यावी. शब्दकोश लिडेल-स्कॉट यांचा, पण त्याची मध्यम आवृत्ती. मोठी आवृत्ती नवख्याला अर्थांच्या गर्दीत हरवून टाकते.

त्यानंतर प्लेटोचे आणखी दोन-तीन छोटे संवाद वाचावेत, मग अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘निकोमाखियन एथिक्स’चा पहिला भाग. ‘मेटाफिजिक्स’मध्येही पहिल्या भागापासूनच शिरावे, कारण तेथे पूर्वसूरींच्या मतांचा आढावा असल्याने विषयाचा धागा हाती राहतो, द्रव्याची चिकित्सा करणारा सातवा भाग मात्र शेवटासाठी राखून ठेवावा.