आईच्या हातांना सतत खाज, बोटांना भेगा. हा एक्झिमा की गजकर्ण? उपाय काय?

आई फोंड्याला असतात, रोज नुस्तं (मासळी) साफ करतात आणि यंदा काजूबिया भाजून फोडल्यापासून बोटं काळी पडून सोलली, असं तुम्ही लिहिलंय. मला तरी हा संपर्काने झालेला एक्झिमाच वाटतो. काजूबीच्या टरफलातलं तेल जहाल असतं. त्याने कातडी भाजते, काहींना ॲलर्जीही होते. त्यात दिवसभर पाणी आणि साबण, म्हणजे कातडीवरचा तेलकट थर उरतच नाही.

गजकर्ण वेगळं दिसतं. गोल चट्टा, कड लाल, उठावदार, खवले धरलेली, मधला भाग बराचसा साफ. पावसाळ्यात जांघेत, कमरेला जास्त. कृपा करून फार्मसीतून मिक्स क्रीम (बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेलं) आणून लावू नका! त्यातल्या स्टेरॉइडने दोन दिवस बरं वाटतं, मग गजकर्ण जोरात पसरतं. माझ्या भावाने हेच केलं. कमरेवरचा रुपयाएवढा चट्टा महिन्याभरात मांडीपर्यंत गेला.

रात्री खाज वाढत असेल आणि घरात इतरांनाही असेल तर खरूज. तिचं औषध सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं.

आईंना आतून सुती, वरून रबरी हातमोजे द्या. हात कोमट पाण्याने धुवून, ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली लावायची, दिवसातून कितीही वेळा. एक्झिमाला स्टेरॉइड मलम लागतंही, पण कुठलं आणि किती दिवस ते डॉक्टरांनी सांगायचं. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, त्वचारोग विभाग आहे. भेगांतून पू आला किंवा ताप चढला तर त्याच दिवशी दाखवा.