मुलाखतीचे कपडे आदल्या रात्रीच घालून बघ

पहिलीच मुलाखत आहे, म्हणून लगेच नव्या कपड्यांच्या मागे लागू नकोस. अंगाला नीट बसणारा, कडक इस्त्रीचा जुना शर्ट केव्हाही चांगला. आदल्या रात्री सगळं अंगावर चढव आणि खुर्चीत बसून बघ. उभं असताना छान दिसणारा शर्ट बसल्यावर पोटाशी ताणतो, बटणांच्या मधे फट पडते. हे तिथे जाऊन कळून काय उपयोग? ब्लेझर नवा असेल तर मागच्या कापाला बहुतेक वेळा फुलीचा टाका असतो, तो उसवून टाक. विकला जाईपर्यंत घडी मोडू नये एवढ्यासाठीच तो घातलेला असतो. मी मुलाखती घेतो तेव्हा कितीतरी मुलं तो तसाच ठेवून येतात आणि मला फार वाईट वाटतं, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

बूट मात्र नवे नकोतच. चावायला लागले की अर्धं लक्ष टाचेकडे. अत्तर अगदी थोडं, बंद खोलीत वास कोंडतो.

दहा-पंधरा मिनिटं आधी पोच. घाम पूस, केस सारखे कर, मोबाइल बंद कर, मगच आत जा. उत्तर देताना विचारणाऱ्याकडे बघ, मांडीवरच्या फाइलकडे नको.