गाडीचं दुखणं : पुढच्या चाकाकडची ठकठक

प्रश्न : माझी 2014 ची पोलो जीटी टीएसआय आहे. अधूनमधून ती पुण्याहून चालवतच कोइंबतूरला करी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डेसाठी (स्वतःची गाडी रेस ट्रॅकवर चालवायला) नेतो. पावसाळ्यानंतर कंपनीचे स्ट्रट (शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगचा जोड) काढून कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारे स्ट्रट, बसवले आणि पुढे ट्रॅकचे ब्रेक पॅड घातले. तेव्हापासून डाव्या पुढच्या चाकाकडून ‘ठक’ असा आवाज येतो. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना येतो, ट्रॅकवर कर्बवरून (कडेच्या उंचवट्यावरून) चाक खाली येताना येतो आणि गाडी सुरू करून पहिला ब्रेक मारला की एकदा येतो. वेगात वळण घेताना मात्र काहीच नाही. गॅरेजने दोन्ही लिंक रॉड (गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या स्टॅबिलायझर बारच्या जोडदांड्या) बदलले, फरक पडला नाही. आता दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारे दांडे) बदला म्हणतात. बदलू का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : आत्ता नका बदलू. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण आवाज नेमका कधी येतो आणि कधी येत नाही हे तुम्ही छान टिपलंय. बहुतेक जण एवढंच सांगतात की ‘समोरून आवाज येतो’, आणि मग गॅरेजवाला अंदाजाने एकेक पार्ट बदलत सुटतो.

माझ्या मते तुमच्या गाडीत आवाज एक नाही, दोन आहेत. पहिल्या ब्रेकला येणारा वेगळा आणि चाक खाली येताना येणारा वेगळा. दोन्ही ‘ठक’च वाटतात, दोन्ही डावीकडून येतात, म्हणून ते एकाच खात्यावर जमा झालेत. कॉइलओव्हर आणि पॅड एकाच वेळी बसवल्यामुळे गोंधळ आणखी वाढला.

काहीही उघडण्याआधी चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा. या गाडीला 120 न्यूटन मीटर लागतात. ट्रॅकवर चाकं पुन्हापुन्हा तापतात, थंड होतात. त्यामुळे तिथून परतताना आणि घरी आल्यावर हे बघायलाच हवं.

आधी ब्रेक बघू, कारण तो पटकन निकालात निघतो. रिकाम्या सपाट जागेत गाडी हळू पुढे घ्या आणि ब्रेक मारा. ठक झालं? पुन्हा पुढे जाऊन ब्रेक मारा. आता आवाज यायला नको. मग रिव्हर्समध्ये थोडं मागे येऊन ब्रेक मारा, ठक होईल. पुन्हा पुढे, पुन्हा ठक. दिशा बदलल्यावरच्या पहिल्या ब्रेकलाच आवाज येत असेल, तर पॅड कॅलिपरच्या चौकटीत सरकून कडेला आदळतायत. ट्रॅकच्या काही पॅडना मूळच्या पॅडसारखी धरून ठेवणारी स्प्रिंग नसते, किंवा बसवताना जुन्या क्लिपा तशाच ठेवल्या जातात. नव्या क्लिपा घाला. कॅलिपरच्या गाइड पिन साफ करून त्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. एवढं करूनही बारीक आवाज उरला, तर पॅडच्या पाठीची पत्री जागेवर थोडी ढिली बसते आहे असं समजा. पॅड आणि पिन ठीकठाक असतील तर त्याने धोका नाही.

खात्री करायची आणखी एक युक्ती आहे. तुमची गाडी डीएसजी, ऑटोमॅटिक गिअरची, म्हणजे डावा पाय मोकळा. अ‍ॅक्सिलरेटर सोडून गाडी नुसती सरपटत स्पीडब्रेकरवर जाऊ द्या आणि डाव्या पायाने ब्रेक अगदी हलका धरून ठेवा. ब्रेक धरल्यावर आवाज बंद झाला तर खडखडणारी वस्तू पॅड आहे. तरीही ठक आलाच तर मामला सस्पेन्शनचा. तुमच्या बाबतीत तो येईल असं मला वाटतं.

आता मुख्य आवाज. भार पडलेला असताना शांतता आणि भार उतरताना ठक. म्हणजे दाबाखाली जागेवर बसलेली आणि दाब गेला की सुटणारी एखादी वस्तू तिथे आहे. कॉइलओव्हर बसवलेल्या गाडीत माझा पहिला संशय स्प्रिंगवर जातो. या स्प्रिंगा कडक आणि आखूड असतात. चाक पूर्ण खाली लोंबलं की स्प्रिंग मोकळी होते, आणि चाक पुन्हा टेकताना बैठकीवर आदळते. चॅसीच्या जॅक पॉइंटवर गाडी उचला, खाली स्टँड लावा, चाक लोंबू द्या आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. सहज फिरली किंवा वरखाली हलली तर चोर सापडला. मग पुरेसा प्रीलोड द्यायचा, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसवायची, किंवा खाली हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंग मोकळी होऊ न देणारी मऊ, छोटी स्प्रिंग) घालायची. तुमच्या सेटला स्ट्रटची लांबी वेगळी बदलायची सोय असेल, तर उंची त्या थ्रेडने ठरवा, प्रीलोड सैल करून गाडी खाली बसवू नका. तिथेच हात आहे तोवर बैठकीची लॉक रिंगही तपासा आणि तिच्यावर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी ती सरकली की लगेच दिसेल.

स्प्रिंग घट्ट निघाली तर स्ट्रटचं वरचं टोक बघायचं. गाडी जमिनीवर असू द्या. एकाने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं, नंतर फेंडर (चाकावरचा पत्रा) धरून गाडी दाबून सोडायची, आणि तुम्ही बॉनेट उघडून स्ट्रटच्या वरच्या नटावर बोट ठेवायचं. आवाज लोखंडातून दूरवर जातो आणि कानाला फसवतो, बोटाला मात्र धक्का जिथल्या तिथे लागतो. हा नट बऱ्याचदा इम्पॅक्ट गनने आवळतात. त्यात नटाबरोबर आतला रॉडही फिरतो आणि नट बसल्यासारखा वाटूनही ढिला राहतो. रॉड अ‍ॅलन कीने धरूनच तो आवळायचा. तुमच्या सेटमध्ये रबराच्या माउंटऐवजी लोखंडी गोळ्याचे टॉप माउंट असतील, तर थोडी कटकट कायमच राहील. रबर नाही म्हटल्यावर प्रत्येक धक्का थेट बॉडीला जातो.

आता खालचं टोक. इथे मी सगळ्यात जास्त काळजी घ्यायला सांगेन. पोलोचा स्ट्रट हबच्या नकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या लोखंडी भागात) सरकवून एका क्लॅम्प बोल्टने धरलेला असतो. स्ट्रट तळापर्यंत बसलाच नाही, किंवा जुनाच बोल्ट पुन्हा वापरला, तर कर्बवर तो किंचित सरकू शकतो. पट्टी आणि टॉर्च घेऊन डावा-उजवा दोन्ही बाजूंनी मोजा, खोली सारखीच हवी. बोल्ट नवा घाला. इथे जरा जरी शंका वाटली तर गाडी ट्रॅकवर नेऊ नका, आणि कोइंबतूरपर्यंतचे सुमारे 1,200 किलोमीटरही नका काढू.

लिंक रॉड नवे असले तरी त्यांना आपोआप क्लीन चिट मिळत नाही. गाडी खाली बसवली की मूळ लांबीचा लिंक तिरका होतो, कधी ड्राइव्ह शाफ्टला किंवा स्ट्रटला टेकतो. घासल्याची चकाकी दिसते का बघा. पडताळा सोपा आहे : दोन्ही बाजूंचे लिंक सोडवा, एकाच बाजूचा नाही. स्टॅबिलायझर बार केबल टायने वर बांधा आणि त्याच स्पीडब्रेकरवरून हळू जा. गाडी जास्त झुकेल, म्हणून गल्लीबाहेर जाऊ नका. आवाज तसाच आला तर लिंक आणि बारचे बुश (रबरी आधार) दोन्ही निर्दोष सुटले.

लोअर आर्म यानंतर. गॅरेजच्या खड्ड्यावर टॉमीने (लोखंडी पहारीने) आर्म रेटून मागचा मोठा बुश बघा, रबर चिरलंय का, धातूपासून सुटलंय का. बॉल जॉइंटला खेळ असेल तर पोलोत तो आर्मला तीन नटांनी लागतो आणि वेगळा बदलता येतो, त्यासाठी अख्खा आर्म विकत घ्यायची गरज नाही. आणि आर्म बदललाच, तर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळा. लिफ्टवर चाक लोंबतं असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुशही लवकर फाटतो. हे मेकॅनिकला आधीच सांगा, तो घाईत असला तरी.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी त्याच स्पीडब्रेकरवर, त्याच वेगाने तपासा.

प्रश्न : स्विफ्ट आहे. उभ्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवलं की समोरून ‘टंग’ असा आवाज येतो आणि स्टिअरिंगला हलका झटका बसतो. रस्त्यावर काही नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : स्ट्रटच्या वरचं बेअरिंग अडकलंय असं वाटतं. स्ट्रट फिरतो, स्प्रिंगचं वरचं टोक अडतं, स्प्रिंग पिळली जाते आणि मग एकदम सुटते. कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगवर तळहात ठेवा, बोटं वेटोळ्यांत घालू नका. झटका हाताला लागला की प्रश्न मिटला. दोन्ही बाजूंची बेअरिंग एकदमच बदला. काम चांगल्या स्प्रिंग कंप्रेसरशिवाय होत नाही, तो नसलेल्या गॅरेजात स्ट्रट उघडू देऊ नका. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्या.