मृत्यूची भरपाई की मृत्यूबद्दल भरपाई?

कोल्हापुरात कायदेविषयक मदतीचे काम करणाऱ्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, खून झालेल्या माणसाच्या वारसांना शासनाकडून मिळणाऱ्या रकमेला ‘नुकसानभरपाई’ म्हणणे योग्य आहे काय. अर्जावरचा तो शब्द वाचून एका आईने त्यांना ‘पोराची भरपाई कशी करतासा?’ असे विचारले होते.

त्या आईचा कान अचूक आहे. ‘भरपाई’ हा शब्द ‘भरून पावणे’ यातून आला असून, येणे पुरते वसूल झाल्याची पावती असाही त्याचा जुन्या व्यवहारातला अर्थ आहे. ‘भरून पावलो’ असे आपण आजही म्हणतो, कधी तृप्तीने तर कधी वैतागाने. २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुरात ऊस बुडाला तेव्हा ‘उसाची भरपाई’ कोणालाच खटकली नाही, कारण उसाची किंमत करता येते.

मग दुसरा शब्द घ्यावा काय? ‘मोबदला’ तर नकोच, कारण त्यात अदलाबदल आहे. रस्त्यात गेलेल्या जमिनीला तो शोभतो. ‘सानुग्रह अनुदान’ कानाला मऊ लागते, पण अनुग्रह म्हणजे देणाऱ्याची कृपा, आणि येथे प्रश्न कृपेचा नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेत ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या कलम ३५७-अ ने (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९६) राज्यांना अशी योजना करणे बंधनकारक केले. आरोपीचा माग लागला नाही आणि खटलाही उभा राहिला नाही, तरी मृताच्या अवलंबितांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ‘अर्थसाहाय्य’ त्यामानाने बरा, पण त्यातही हक्क ऐकू येत नाही. पेशवाईच्या कागदपत्रांत लढाईत पडलेल्या शिपायांच्या मुलांसाठीच्या नेमणुकीला ‘बालपरवेशी’ म्हणत. त्या शब्दात गेलेल्याची किंमत नाही, मागे राहिलेल्यांचे पालनपोषण आहे, म्हणून मला तो फार आवडतो. मात्र आज तो अर्जात लिहिला तर खिडकीवरचा कारकून अर्ज परत करील.

माझ्या मते ‘नुकसानभरपाई’ ठेवावी आणि दुरुस्ती विभक्तीत करावी. ‘मृत्यूची भरपाई’ म्हटले की मृत्यूच भरून निघाल्यासारखे होते. ‘मृत्यूबद्दल’ किंवा ‘मृत्यूपोटी’ म्हटले की मृत्यू हे केवळ कारण राहते आणि भरपाई होते ती बुडालेल्या मिळकतीची, अंत्यविधीच्या खर्चाची, मोडलेल्या संसाराची. अर्जाचे वाक्य असे करता येईल : ‘माझ्या मुलाच्या खुनामुळे कुटुंबाच्या झालेल्या नुकसानीबद्दल भरपाई मिळावी.’ आणि ‘नुकसानभरपाई’ हा सामासिक शब्द असल्यामुळे तो जोडूनच लिहावा.