मोरे ईल आधी की घर आधी?

वाचकाचा प्रश्न: वय ३४, डोंबिवलीत भाड्याने राहतो. हातात पगार ८२ हजार, भाडं २४ हजार, एसआयपी १२ हजार, इमर्जन्सी फंड ९० हजार. दोन वर्षांत फ्लॅट घ्यायचा आहे. बोनसचे १ लाख ४० हजार आले आहेत. ३०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी करून स्नोफ्लेक मोरे ईल (सापासारखा लांबट समुद्री मासा) पाळायची आहे. कोटेशन १ लाख ७५ हजारांचं, त्यात ईल ७ हजारांची. कमी पडतील ते नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का?

पाळा, पण या घरात नको.

कोटेशनमध्ये सगळ्यात स्वस्त काय आहे, तर ईलच. खरा खर्च ती घरी आल्यावर सुरू होतो. पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचं, म्हणजे आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिलर आलाच. चिलर, पंप, स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र) आणि दिवे मिळून सरासरी २०० वॅट धरले, तरी महिन्याला जवळपास १४५ युनिट होतात, आणि ते तुमच्या बिलात वरच्या स्लॅबच्या दराने लागतात. पंधरा दिवसांनी ६० लिटर पाणी बदलायचं आणि लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घालायचं, म्हणजे महिन्याला चार किलोंहून जास्त मीठ, तेही मत्स्यालयाचं. मिठागरातलं चालत नाही. वर कोळंबी-माकूल, टेस्ट किट, किरकोळ दुरुस्ती. मी महिन्याला ४ हजार धरतो.

नीट सांभाळली तर ही ईल दहा-पंधरा वर्षं जगते. ४ हजारांची एसआयपी १५ वर्षं चालली आणि १० टक्के परतावा धरला, तर साडेसोळा लाखांच्या आसपास जमतात. हा आकडा घाबरवायला सांगत नाही; छंदावर माणसाने खर्च करावाच. फक्त तुम्ही ७ हजारांचा नाही, एवढा मोठा निर्णय घेताय हे माहीत असू द्या.

माझी खरी हरकत भाड्याच्या घराला आहे. तुमचा करार ११ महिन्यांचा. मालकाने नूतनीकरण नाकारलं, तर सोफा टेम्पोत जातो, ही टाकी जात नाही. नुसतं पाणीच ३०० किलोंवर, त्यात दगड, काच, स्टँड. पाणी काढायचं, फिल्टरमधले पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू मरू न देता न्यायचे, ईल वेगळ्या झाकणबंद डब्यात. (झाकणाला फट राहिली तर ती बाहेर पडते. फरशीवर सुकून मेलेल्या ईलचे किस्से या छंदात जुनेच आहेत.) नव्या जागी टाकी पुन्हा स्थिर व्हायला काही आठवडे जाऊ शकतात. आणि दोन वर्षांत तुम्ही हलणार आहात, हे तर तुम्हीच लिहिलंय. वैतागून विकायला काढलीत, तर निम्मे पैसे आले तरी नशीब समजा.

नो-कॉस्ट ईएमआय तर नकोच. बहुतेक योजनांत प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच कार्डावर पडतो. शिवाय गृहकर्जाच्या अर्जाआधी सिबिलमध्ये नवा हप्ता कशाला दाखवायचा?

बोनस लिक्विड फंडात (हवे तेव्हा पटकन पैसे काढता येणारा म्युच्युअल फंड) टाका. तुमचा महिन्याचा खर्च ५५ हजार धरला, तर ९० हजारांत दोन महिनेही निघत नाहीत. सोबत दरमहा ४ हजारांची आरडी आजच सुरू करा. ती जड गेली, तर ईलही जड जाणार, हे टाकी न घेताच कळेल. जमली, तर दोन वर्षांत व्याजासह लाखाच्या वर रक्कम हाती असेल आणि सेटअपचा मोठा भाग रोखीने निघेल. छंद सोडणाऱ्यांकडून वापरलेला स्किमर आणि चिलर बघा. चिलर मात्र चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नका.

कोटेशनमध्ये 'लाइव्ह रॉक' (समुद्रातला, बहुधा मृत प्रवाळाचा, सूक्ष्मजीव वसलेला दगड) लिहिलंय, तो कुठून येतो हे दुकानदाराला विचारा. आपल्या समुद्रातले प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. कृत्रिम दगडावर काम भागतं, ईलला लपायला बिळं मिळाली की झालं. फ्लॅट बुक करताना बिल्डरकडून स्लॅबची भारक्षमता लेखी घ्या आणि टाकी बीमजवळच्या भिंतीला लागून ठेवा.