काळ्या जमिनीत अर्धं गाडलेलं घर बांधावं का?

तुम्ही विचारलंय की अमळनेरजवळ काळी जमीन आहे, तिथं टायर-बाटल्या वापरून अर्धं जमिनीत घर केलं तर उन्हाळ्यात गार राहील का.

राहील. तीन-चार मीटर खोल गेलं की जमिनीचं तापमान वर्षाच्या सरासरीजवळ टिकतं, म्हणजे आपल्याकडे २७ अंशांच्या आसपास, वर ४५ का असेना. अर्ध्या गाडलेल्या घरात तेवढं नाही, पण दुपारची झळ आत शिरत नाही. तरी काळ्या मातीत खड्डा खणू नका. मी खणलाय, म्हणून सांगतो.

चैत्रात आमच्या शेतातल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो. पावसात तीच माती पाणी पिऊन फुगते. मिस्त्री नको म्हणत होता, तरी मी खणलेली मातीच भिंतीमागे परत भरली. उन्हाळा झकास गेला. श्रावणात मागची भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली. पहारीनं तळाशी भोक पाडलं, तर चहाच्या रंगाची चिळकांडी थेट पायावर. मग सगळी माती उपसली, मुरूम भरला, आणि भिंतीच्या बुडाशी खडीत भोकं पाडलेला पाईप टाकून पाणी उताराला काढलं.

त्यामुळे शेताच्या कडेला बरड टेकाड असेल तर तिथं बांधा. तीन बाजू टेकाडात, दार उत्तरेला, पुढे खोल ओसरी. नेटवरचे टायरच्या घरांचे फोटो बहुतेक न्यू मेक्सिकोतल्या ताओसचे असतात, मायकेल रेनॉल्ड्सच्या 'अर्थशिप'चे. तिथं हिवाळा कडक, म्हणून दक्षिणेला काचच काच. आपण तसं केलं तर आत पापड वाळतील. शिवाय माती ठासलेला एक टायर दीडशे किलोच्या घरात जातो, घण मारून मारून गडी मेटाकुटीला येतात. बाटल्या उजेडापुरत्या ठीक.

आपल्याकडे खरं जुनं साहित्य मिळतं ते पडक्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरांत. सागाचे खांब, तुळया, घडीव दगड, भिंतींची पांढरी माती. ही माती भिजवून, तुडवून पुन्हा भिंतीत घालता येते. काँक्रीटचं असं होत नाही. आणि धाबं म्हणजे तरी काय, डोक्यावर मातीच. पावसाळ्याआधी त्यावर खारी माती पसरायची. तिच्यातल्या सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात आणि बारीक छिद्रं बुजतात. आजी अहिराणीत म्हणायची, "खारी नही टाकी ते धाबं गयस." गयस म्हणजे गळतं. दरवर्षी हे काम करायची तयारी नसेल, तर धाब्याच्या नादी लागू नका.

स्लॅबवर माती टाकून बाग करायची असेल तर आधी इंजिनिअर गाठा. एक फूट ओली माती चौरस मीटरला साधारण ५५० किलो भरते. साधी गच्ची चौरस मीटरला १५० किलोचा वापरभार, म्हणजे माणसा-सामानाचं वजन, धरून काढलेली असते. मी सहा इंचांवर थांबलो, त्यावर गवत लावलंय. शेळ्या चढतात, तो वेगळा ताप.

पैसे घालण्याआधी मुरूम किती खोल लागतो ते बघा. शेजारी कुणी विहीर खणली असेल तर त्याला विचारा. तो फुटात सांगेल.