सुरुवातीची अमेरिका: आधी एवढंच पक्कं कर

अमेरिकेचा सुरुवातीचा इतिहास शिकायचा तर पन्नास संज्ञांची यादी पाठ करत बसू नकोस. आधी तीन वर्षं धर: १७८१, १७८९, १८२३.

१७८१ च्या राज्यसंघाच्या करारनाम्यात, म्हणजे अमेरिकेच्या पहिल्या घटनेत, केंद्राला कर बसवायचा अधिकारच नव्हता. स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज फेडायलाही राज्यांपुढे हात पसरावे लागत. ही अडचण नीट समजून घे, म्हणजे १७८९ मध्ये अमलात आलेली राज्यघटना, सत्ताविभाजन, तहांना लागणारी सिनेटची संमती हे सगळं का आलं ते आपसूक कळेल.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे:

- 'फेडरलिस्ट' दोन आहेत. १७८७-८८ मधले घटनेचे समर्थक वेगळे आणि पुढच्या दशकातला हॅमिल्टनचा (पहिला अर्थमंत्री) पक्ष वेगळा. मॅडिसन (घटनेचा एक प्रमुख शिल्पकार) पहिल्यांत होता, दुसऱ्याच्या विरोधात! यावर वेळ घालव, फार रंजक भाग आहे.
- कोणाशीही 'गुंतवणाऱ्या आघाड्या' नकोत, हे शब्द वॉशिंग्टनचे नव्हेत, राष्ट्राध्यक्ष जेफरसनचे, १८०१ चे. वॉशिंग्टनने १७९६ च्या निरोपाच्या संदेशात कायमस्वरूपी आघाड्या टाळा म्हटलं होतं.
- १७९३ ची तटस्थता (ब्रिटन-फ्रान्स युद्धात कोणाचीच बाजू न घेणं) म्हणजे जगाशी फारकत नव्हे. व्यापार चालूच होता.

१८२३ चा मन्रो सिद्धांत (युरोपने अमेरिका खंडांत नव्या वसाहती करू नयेत, ही भूमिका) शेवटी घे. न्यायालयीन पुनर्विलोकन (कायदा घटनेला धरून आहे का हे न्यायालयाने तपासणं) सध्या बाजूलाच राहू दे. जमेल तुला, अडलं की बिनधास्त विचार.